कापसाच्या खोलीतली नदी

रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापूस लागला की माझं कशातच मन लागत नाही.

बाभळीला कापूस लागत नसतो, एवढं मलाही कळतं. शहाद्याहून म्हसावदच्या रस्त्याला लागलं की या दिवसांत पुढेमागे कापसाच्याच गाड्या. ठासून ठासून भरलेल्या, ताडपत्रीतून बाहेर फुगलेल्या. वळणावर बाभळी त्यांना ओरबाडतात आणि आपापला वाटा काढून घेतात. मग पुढे कितीतरी दिवस त्या झाडांवर पांढऱ्या चिंध्या लोंबत राहतात. लोकांना त्यात शोभा दिसते, थांबून फोटोबिटो काढतात. मला घाई होते. कसली घाई, विचाराल तर सांगता येत नाही. स्कूटी चांगली पळत असते, शाळेला उशीर झालेला नसतो, तरी वाटतं की कुठेतरी पोहोचायचं राहून गेलंय आणि तिथे कुणीतरी एकटं बसलंय.

मी नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. हे दिवस आले की फळ्यावर अर्धं वाक्य लिहून मी खिडकी लावायला जाते. लावून येते तोवर उकडायला लागतं, म्हणून पुन्हा उघडायला जाते. पोरं तोंडावर वही धरून हसतात. हसू देत. घरी नवरा म्हणतो, "पायाला भिंगरी बांधलीय का तुझ्या?" चहा गॅसवर ठेवून मी गच्चीत जाते आणि चहा उतू जातो. शेगडी पुसता पुसता स्वतःलाच चार शिव्या घालते, मग पुन्हा गच्चीत.

यंदा त्यात भर म्हणून तो गेम सापडला. मोबाईलवर दहावीची कसलीशी प्रश्नपत्रिका शोधत होते आणि जुन्या गेमांचं एक पानच समोर आलं. त्यात तो होता. स्टाफरूममध्ये, डब्यातली भाकरी हातात तशीच. उघडला. काळा पडदा, पांढरी अक्षरं, तीच पहिली ओळ: 'तुम्ही नदीकाठच्या एका बंद धर्मशाळेच्या दारात उभे आहात.' मी घाबरून मोबाईल पालथा घातला. शेजारच्या बाई म्हणाल्या, "काय हो, कुणाचा मेसेज?" काय सांगू त्यांना?

ज्यांनी असला गेम कधी पाहिला नसेल त्यांना थोडं सांगायला हवं. यात चित्र नाही, गाणं नाही, गाड्या नाहीत, बंदुका नाहीत. नुसतं इंग्रजीत लिहून येतं की तुम्ही अमक्या जागी उभे आहात, समोर हे आहे, बाजूला ते आहे. खाली एक रेघ लुकलुकत असते. तिथे तुम्ही टाईप करायचं, काय करणार ते. गो नॉर्थ. टेक लॅम्प. ओपन डोअर. बरोबर असेल तर गोष्ट पुढे सरकते. नसेल तर 'मला कळलं नाही' असं कोरडं उत्तर येतं, आणि चुकलात तर सरळ मरता. मेलात की पुन्हा धर्मशाळेचं दार. सगळं मुळापासून. मधे साठवून ठेवायची सोय होती म्हणे, पण ती आमच्याच्यानं कधी चालली नाही. एवढ्या खाष्ट माणसाशी कुणी दोन मिनिटंही बोललं नसतं. आम्ही अख्खा हंगाम बोललो.

काही वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आगेमागे माझा धाकटा भाऊ हेमू न सांगता सुरतेहून घरी आला. घर म्हणजे ब्राह्मणपुरी, माझं माहेर. हेमू सुरतेला भरतकामाच्या मशीनवर ऑपरेटर होता. एका शेडमध्ये ओळीनं मशिनी, एकेका मशीनला शेकड्यानं सुया, आणि त्या सगळ्या एकदम कापडावर आदळत असतात. तिथे माणसं खुणांनी बोलतात, असं तो पूर्वी हसत हसत सांगायचा. आमच्याकडून सुरतेला जाणं म्हणजे काही विशेष नाही. दर घरातलं एक माणूस तिकडे असतंच. आबांना, म्हणजे वडिलांना, त्याचा केवढा अभिमान होता. पारावर बसून 'मन्हा हेमू कंप्युटरना मशीनवर शे' हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की ऐकणाऱ्यांना पाठ झालं होतं.

तो हेमू आला आणि बोलेनासा झाला. विचारलं तर हं, नाहीतर मान. ताटात वाढलेलं खाऊन उठायचा. कुणाचा मोबाईल वाजला की खांदे आखडून घ्यायचा. मायनं मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. शहाद्याच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. गल्लीतल्या बाया दारात येऊन गोड आवाजात विचारायच्या, "सुट्टीवर उना का वं हेमू?" माय म्हणायची, "हा, सुट्टीवर." आणि आत येऊन भांडी आपटायची.

दिवाळीनंतर पुढच्या खोलीत कापूस पडायला लागला. आमच्याकडे वेचलेला कापूस घरातच भरतात. भाव बरा होईपर्यंत तो घरातला एक माणूसच असतो. आज गुडघ्याइतका, पुढच्या आठवड्यात छातीइतका, मग खिडकी झाकतो, आणि शेवटी छताजवळ फक्त मांजरापुरती जागा उरते. चहात तंतू, डाळीत तंतू, अंथरुणात खाज. माय दिवसभर नखांनी दंड खाजवते आणि कापसाला शिव्या देते, पण कुणी पाय लावला तर तिलाच लक्ष्मी आठवते.

आणि त्या खोलीत आवाज नसतो. हे ज्यांनी अनुभवलं नाही त्यांना सांगून पटणार नाही. दाराबाहेर ट्रॅक्टर गेला तरी आत तो दूर कुठेतरी गेल्यासारखा वाटतो. आपलंच बोलणं तोंडातून निघून ढिगात बुडतं. हेमूनं नेमकी तीच खोली धरली. दाराजवळच्या मोकळ्या कोपऱ्यात एक पाट, त्यावर सुरतेहून आणलेला जुना लॅपटॉप, त्यात हा गेम, भिंतीतल्या बोर्डात वायर. बॅटरी केव्हाच मेलेली होती. वीज गेली की गेम मरायचा. दिवसभर तो तिथे बसायचा, केसांत कापूस, पापण्यांवर कापूस.

आबांनी एका सकाळी चूळ भरता भरता निकाल देऊन टाकला. "कापूस जावू दे. कापूस गया का तू बी सुरत. सेठसंगे मी बोली लेयेल शे." हेमूनं मान हलवली. ती मान पाहिली आणि तो ढीग कमी होऊ नये असं मला वाटायला लागलं. शेतकऱ्याची पोर असून कापसाला गिऱ्हाईक येऊ नये म्हणून देवाला हात जोडणारी मीच असेन.

शाळा सुटली की मी स्कूटी वळवून ब्राह्मणपुरीला जायची. जाऊन करायची काय, तर बडबड. शाळेतल्या गमती, नवऱ्याच्या तक्रारी, कुणाचं लग्न जमलं, कुणाचं मोडलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. हेमू पडद्याकडे पाहत बसायचा आणि मी ढिगाला पाठ टेकून तासभर एकटीच बोलून परत यायची. एके दिवशी मी अशीच काहीतरी सांगत होते, आणि तो मान न वळवता म्हणाला,

"ताई, लेज म्हंजे काय?"

मला आधी कळलंच नाही की हा माझ्याशी बोलतोय. मग मी इतक्या घाईनं उत्तर दिलं की शब्द एकमेकांवर आपटले. लेज म्हणजे कड्याच्या अंगातून बाहेर आलेली पाय ठेवण्यापुरती जागा. तिच्यापुढे गेलं की पडायचं. तो "हां" म्हणाला, काहीतरी टाईप केलं, आणि थोड्या वेळानं म्हणाला, "पडनू."

घरी परतताना मी स्कूटीवर रडले. एका शब्दाचा अर्थ विचारला म्हणून रडणारी इंग्रजीची बाई.

त्यानंतर माझी नेमणूकच झाली. तो टाईप करणार, मी अर्थ सांगणार. शाळेतून मी खडू आणले आणि त्यानं भिंतीवर नकाशा काढायला घेतला. धर्मशाळा, पूल, जकातीचा नाका, म्हाताऱ्या नावाड्याची झोपडी, डोंगरातली गुहा. गुहेतून एक नदी जाते, तिच्या मागे मागे जाऊन समुद्र गाठायचा, एवढाच गेम. नॉर्थ-साऊथ त्यानं कधी म्हटलं नाही. आमच्या गावात ते कुणीच म्हणत नाही. सातपुडा दिसतो ते डोंगराकडे, त्याच्या उलट ते तापीकडे, मग उगवतीकडे आणि मावळतीकडे. बोटं इंग्रजी अक्षर दाबायची आणि तोंड म्हणायचं, "डोंगराकडे चाल." कापूस वाढला तसा ढिगानं नकाशाचा तापीकडचा भाग गिळला. हेमू हातानं कापूस उकरून खालचा पूल तपासून यायचा.

मायला हे सगळं आधी भूतबाधेसारखं वाटलं. मग एकदा भाजी निवडायला म्हणून ती दारात येऊन बसली आणि मी तिला नावाड्याच्या झोपडीचं वर्णन वाचून दाखवलं. म्हातारा एकटाच जाळं विणत बसलाय, असं. हेमू त्याच्याकडून कंदील घेऊन निघायला लागला तशी माय तडकली.

"आरे, तो म्हातारा एकला बठेल शे आन तू त्याले काहीच इचारस नही? राम राम तं कर! तब्बेत कशी शे, पोरं कोठे शेत, काही तं इचार!"

तिच्या समाधानासाठी मी ते इंग्रजीत टाईप केलं. उत्तर आलं, 'मला कळलं नाही.'

"कळनं नही म्हने! इतलं इंग्रजी शिकेल शे आन राम राम कळस नही मेल्याले!"

हेमू हसला. आवाज नाही झाला, पण खांदे हलले. मायनं ते पाहिलं, मेथीची जुडी उचलली आणि पदरानं तोंड झाकून आत गेली. दुसऱ्या दिवसापासून ती भाजी घेऊन वेळेवर हजर. आबा मात्र दारावरून जाताना म्हणायचे, "डबडासंगे बोलस, मानूससंगे नही." आणि खाकरून पुढे जायचे. त्यांनाही आत डोकवायचं असायचं, हे मला दिसत होतं. ढीग किती झाला ते बघायच्या निमित्तानं ते दिवसातून कितीदा यायचे!

एका दुपारी माय नव्हती. वीज गेली, पडदा काळा झाला, सगळी मेहनत पाण्यात. मी विजेच्या नावानं बोटं मोडत होते. हेमू भिंतीवरच्या नकाशावरून बोट फिरवत होता. पुन्हा पुन्हा, एकाच वाटेवरून. मी म्हणाले, पाठ झालं की रे तुला आता. तेव्हा तो बोलला, भिंतीकडे तोंड करूनच.

"ताई, सुरतमा मी वाट चुकनू."

मला वाटलं गेमचंच काहीतरी.

"कारखानामातून निंघनू. रोजना रस्ता. आन मले समजेच ना कोणता कडे जावानं. मन्ही खोली मले सापडनी नही. सांज व्हयतोवर फिरत ऱ्हायनू. एक मानूसनी हात धरीसन खोलीवर सोडं."

मी काही बोलायला गेले तर त्यानं हात वर केला.

"मन्हं डोकं गयं व्हई का, ताई? म्हनीसन हाऊ नकाशा करी ऱ्हायनू. हाऊ जमना तं डोकं ठीक शे. नही जमना तं..."

  मूर्खासारखं मी त्याच्या केसांतला कापूस काढत बसले. माझा भाऊ दिवसभर खेळ खेळत नव्हता, स्वतःची परीक्षा घेत होता, आणि त्या परीक्षेत नापास झाला तर तो काय समजणार होता हे आता मला ठाऊक होतं. मी मायला सांगितलं नाही. आबांना तर नाहीच.

पोरं परीक्षेच्या आधी मला विचारतात, "बाई, नापास झालो तर?" पूर्वी मी खाडकन म्हणायची, "अभ्यास कर म्हणजे होणार नाहीस."  परवा एकाला नुसतंच म्हटलं, बस जरा. तो बसला, मी बसले, आणि घंटा झाली.

आणि गेमही असा चांडाळ, की नेमका तिथूनच पुढे जाईना. गुहेत शिरलं की ओल्या वाऱ्यानं कंदील विझायचा. मग पडद्यावर फक्त एवढंच यायचं: 'गडद अंधार आहे. खाली पाणी वाहताना ऐकू येतंय.' दिशा नाही, वाट नाही. नावाड्यानं निघताना सांगितलेलं असायचं, अंधारात पाणी जाईल तिकडे जा. सोपं होतं. पाणी जाईल तिकडे, म्हणजे मावळतीकडे. हेमू टाईप करायचा, वेस्ट. एक पाऊल पुढे. पुन्हा वेस्ट, आणखी एक. मग ती मेली लेज, आणि खाली. धर्मशाळेचं दार.

आम्हाला वाटलं, दोर हवा. दोर बांधून गेलो, पडलो. बूट काढून गेलो, पडलो. कंदील कापडात गुंडाळून नेला, थांबत थांबत गेलो, गुडघ्यावर रांगत गेलो. मायनं सुचवलं म्हणून पाण्यात नाणं टाकून हात जोडून गेलो. जे जे म्हणून बदलता येईल ते बदललं. वेस्ट बदलायचं कुणाच्या मनातही आलं नाही. कसं येईल? लहानपणी आबा आम्हाला तापीकाठच्या प्रकाशा गावाला घेऊन जायचे. तिथल्या घाटावर बसून तापीच्या वाहत्या अंगाला पाहिलं की मावळता सूर्य थेट डोळ्यांत. आमचे सगळे ओढे, सगळ्या नद्या शेवटी तापीत, आणि तापी सुरतेकडे. पाणी मावळतीला जातं हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. दगड खाली पडतो हे कुठे शिकवावं लागतं?

हेमू पुन्हा गप्प व्हायला लागला. भिंतीवरची गुहा खडूनं काढून, पुसून, काढून पांढरीफटक झाली होती. जेवण अर्ध्यावर सोडायचा. एकदा पडल्यावर त्यानं स्वतःच्या कपाळावर मूठ मारून घेतली. माझं डोकं फिरलं.

"सोड ना तो मेला गेम! कोनी लिखेल शे कोन जाने. त्यान्हंच चुकेल व्हई!"

"त्यान्हं चुकेल नही, ताई," तो शांतपणे म्हणाला. "मन्हं चुकेल शे. कोठे, तेच समजत नही."

मी बाहेर आले, स्कूटीला लाथ मारली आणि माझाच अंगठा सुजवून घेतला. घरी गेले तर झोप नाही. आडवी पडले की अंधार, पाणी, लेज. उठून पाणी प्यायचं, दार लागलंय का बघायचं, पुन्हा आडवं व्हायचं. नवऱ्यानं विचारलं, मी खेकसले. त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. मला कुणावर तरी ओरडायचं होतं, एवढंच.

आणि त्यातच आबांना मनासारखा भाव मिळाला. व्यापाऱ्याची गाडी आदल्या संध्याकाळीच येऊन अंगणात उभी राहिली. सकाळी भरायची आणि त्याच संध्याकाळी हेमूनं नंदुरबारहून सुरतेची गाडी धरायची, असं ठरूनही गेलं. मायनं रडत रडत दशम्या केल्या होत्या. मी शाळेतून रजा घेऊन उजाडता उजाडता पोहोचले. अंगणात हमाल बिड्या ओढत होते. थंडी होती.

खोली रिकामी व्हायला लागली. हमाल ढिगात शिरायचे, चादरीत कापूस भरून गाठोडं पाठीवर टाकायचे आणि निघायचे. खिडकी मोकळी झाली, उजेड आला, आणि उजेडामागून आवाज. चिमण्या, बादली, कुणाचा तरी खोकला, शेजारच्या घरातल्या बातम्या. हेमू त्याच कोपऱ्यात, लॅपटॉपपुढे, दोन्ही कानांवर हात ठेवून बसला होता. पडद्यावर धर्मशाळेचं दार होतं. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. 

बाहेर आबा गाडीवाल्यावर ओरडले. आता ते स्वच्छ ऐकू आलं.

"आरे, ताडपत्री पुसी टाक आधी! रातभर बाहेर व्हती, दोर बी दवमा भिजेल शे. मन्हा कापूस ओला करशी का?"

हेमूनं कानावरचे हात काढले.

"ताई, पुलवरलं वाच."

पूल म्हणजे धर्मशाळेतून निघालं की पहिलीच जागा. आमची इतकी पाठ झालेली की ती आम्ही वाचायचंच सोडून दिलं होतं. त्यानं तिथवर नेलं आणि मी वाचलं. कठड्याला बांधलेला एक दोर आहे, दवानं ओला. नदी वाहते त्या अंगाला पाहिलंत तर क्षितिजालगतच्या सूर्याचं तिरपं ऊन तुमच्या डोळ्यांत जातं.

"दवमा भिजेल," हेमू म्हणाला. "मंग ही सांज कशी व्हई, ताई? सकाळ शे ही!"

 सकाळ. सूर्य उगवतीला. तो डोळ्यांत येतोय, म्हणजे आपलं तोंड उगवतीकडे. म्हणजे ही नदी उगवतीकडे वाहतेय. आम्ही पहिल्या दिवसापासून त्या पुलावर संध्याकाळ धरून चाललो होतो, कारण प्रकाशाच्या घाटावर ती संध्याकाळ असते.

हेमूची बोटं पळायला लागली. नाका, झोपडी, कंदील, दोर, डोंगराकडची वाट. हमाल आमच्यावरून गाठोडी नेत होते, डोक्यावर कापूस पडत होता, आणि मी मनात एकच घोकत होते की वीज जाऊ नको, माझे आई, आत्ता जाऊ नको. गुहा. कंदील विझला. गडद अंधार, खाली पाणी. हेमूनं ईस्ट टाईप केलं आणि बोट बटणावर नेऊन थांबला.  मी त्याच्या मनगटाला हात लावला. त्यानं बटण दाबलं.

पडला नाही. पुन्हा ईस्ट. नाही पडला. पुन्हा. लेज आलीच नाही. पाण्याचा आवाज मोठा होत गेला, आणि मग ओळ आली: 'समोर उजेड दिसतोय.'

हेमूनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडतोय. हात काढले तर डोळ्यांत पाणी होतं, पण तो हसत होता, लहानपणी हसायचा तसा, सगळे दात दाखवून.

"डोकं नव्हतं बिघडेल, ताई. नदी उलटी व्हती."

"उलटी आपली शे, भाऊ," मी नाक पुसत म्हणाले. "गोदावरी काय, कृष्णा काय, सगळ्या उगवतीलेच जातस. ही आपलीच तेवढी अवदसा, मावळतीले पळस."

त्यावर आम्ही इतके हसलो की एक हमाल गाठोडं घेऊन तसाच उभा राहिला. माय पिठाच्या हातानं धावत आली. काय व्हयनं, काय व्हयनं, म्हणून तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग हेमूकडे, आणि न कळताच तीही हसायला लागली. त्याच हातानं तिनं त्याचं तोंड कुरवाळलं. त्याच्या गालावर पीठ लागलं, त्यावर कापूस चिकटला.

गेममध्ये पुढे समुद्र होता की नाही, मला माहीत नाही. हेमूनं लॅपटॉप मिटला, वायर काढून गुंडाळली, आणि उठला. अंगणात आबा गाडीवर चढून कापूस तुडवत होते. हेमूला दारात पाहून वरूनच म्हणाले, "चाल, आंघोळ करी ले. सांजनी गाडी शे."

"आबा, मी सुरतले जावाव नही."

आबांचे पाय थांबले. हमालांनी माना वळवल्या. अंगणाच्या कडेला दोन बाया डोक्यावर घागरी घेऊन उभ्या राहिल्या. गेल्या कित्येक दिवसांत हेमूचा एवढा आवाज गल्लीत कुणी ऐकला नव्हता. आबांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. रागावले होते की घाबरले होते, मला अजून सांगता येत नाही.

"आजून डोकं ठिकानावर नही का रे तुन्हं?"

"ठिकानावर शे, आबा," हेमू म्हणाला. "म्हनीसनच जावाव नही."